कंदीलवालीचा उन्हाळा

पहिली शिफ्ट सुटली की आमची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास तरी अडकते. पुढे मोशीपर्यंत खिडकीतून जाहिराती वाचण्यापलीकडे काही काम नसतं. बहुतेक जाहिराती फ्लॅटच्या. हिरवळ, कारंजं, पोहण्याचा तलाव, आणि तलावाकाठी हसत उभं असलेलं एक कुटुंब, ज्यातलं कुणीही आमच्या चऱ्होलीत मी आजवर पाहिलेलं नाही. परवा या फ्लॅटांच्या मधोमध एका मल्टिप्लेक्सची जाहिरात दिसली. चार मोठ्या सिनेमांच्या खाली, अगदी कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढी ती उभी होती. खांद्यावर काठी, काठीला कागदी कंदील, पाठीवर टोपली आणि टोपलीतून डोकावणारं ते पाणमांजर. बस पुढे सरकली तशी ती मागे गेली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून बघत राहिले.

त्या सिनेमांचं खरं नाव मोठं जपानी आहे. माझ्या जिभेला ते कधी जमलं नाही. आमच्या घरात तिला कंदीलवालीच म्हणतात. गावोगाव फिरून लोकांचे फाटके कंदील दुरुस्त करणारी एक मुलगी आणि तिच्या टोपलीत बसून तिला अखंड टोमणे मारणारं एक पाणमांजर, एवढंच भांडवल. त्यावर जपान्यांनी दर वर्षी एक असे पंचवीस-तीस सिनेमे काढले आहेत. माझं लग्न झालं त्याच्याही आधीपासून ही पोरगी चालतेच आहे आणि तिचं वय काही वाढत नाही. तिकडे सिनेमा मार्चमध्ये लागतो, आपल्याकडे यायला मे उजाडतो. मधले दोन महिने माझी मुलगी ओवी कानात बोटं घालून फिरायची, कुणी गोष्ट फोडू नये म्हणून. वार्षिक परीक्षा, कैऱ्या आणि कंदीलवाली हे आमच्याकडे एकदमच यायचं. लोकांना उन्हाळा म्हटलं की मोगरा आठवतो, माठ आठवतो. मला माझा जळफळाट आठवतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याचा तर दिवसवार आठवतो.

ओवीला तेव्हा अकरा संपून बारावं लागलेलं. आमचं घर दुमजली. सासऱ्यांनी शेत विकलं तेव्हा दोन मुलांसाठी दोन मजले चढवले. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि त्यांची बायको ऋतुजा. ऋतुजा लातूरची. पुण्यात जपानी शिकली, तिथल्याच वर्गात दिरांशी ओळख झाली आणि लग्न करून आमच्या वरच्या मजल्यावर आली. चाकणच्या एका जपानी कंपनीत ती दुभाषी आहे. साहेब जपानीत रागावले की ही ते मराठीत, जरा मऊ करून, सुपरवायझरांना सांगते. मीही चाकणलाच जाते, पण मी बसने आणि ती कॅबने. मी गाडीच्या हेडलॅम्पच्या काचा तपासते. चौदा वर्षं झाली. पांढऱ्याफेक ट्यूबखाली काच धरायची, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवायची. ओरखडा, बुडबुडा, डाग दिसला की लाल ट्रेमध्ये टाकायची. दिसला नाही तर पुढे सोडायची. एका काचेला आठ सेकंद.

आता खरी गोम सांगते. आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. ऋतुजाची शनिवार-रविवारची. शाळेलाही रविवारची. सिनेमा लागतो शुक्रवारी आणि बघितला जातो रविवारी. म्हणजे ओवीचा रविवार आपसूकच वरच्या मजल्याच्या वाट्याला गेला होता. माझ्या गुरुवारी ती शाळेत, क्लासला, नाहीतर गृहपाठात. मी तिला मिळायचे ती डबा, वेणी आणि "वही कुठे आहे?" एवढ्यापुरती. ऋतुजाला ती अख्खीच्या अख्खी मिळायची, आंघोळ करून, हसत, मोकळी.

पहिल्या वर्षी मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, कुणीतरी नेतंय पोरीला. दुसऱ्या वर्षी थोडं टोचलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्या उन्हाळ्यात, मी जिन्यावरच्या चपला मोजायला लागले होते. ओवीची चप्पल आज वर किती वेळ आहे, यावर माझा दिवस कसा जाणार ते ठरायचं.

कंदीलवालीचा सिनेमा हिंदीतही येतो. पण ओवीला मूळ जपानीच हवा असायचा. जपानी तिला येत होतं म्हणून नव्हे. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती भराभर जातात आणि ओवीचं वाचन संथ. म्हणून ऋतुजा शेजारी बसून सगळं तिच्या कानात मराठीत सांगायची. धंदाच तो तिचा. त्यातही साध्या मराठीत नाही, तिच्या लातूरच्या मराठीत. ओवी गुरुवारी मला ते करून दाखवायची. ओढणी डोक्याला बांधायची, पोळपाटाजवळचं लाटणं खांद्यावर घ्यायची आणि म्हणायची, "इथं तर अंधारच पडंना की! आता मी काय दुरुस्त करावं?" मग टोपलीतलं पाणमांजर व्हायची, "तू लई शहाणी हायस, गप बस की जरा." मी हसायचे. हसताना माझं लक्ष असायचं ते एकाच गोष्टीकडे. तो 'की' माझ्या घरात कधी आला?

एकदा मी हाक मारली, "ओवी, काय चाललंय?"

आतून उत्तर आलं, "अभ्यास करायलेय, आई."

मी हातातली कणीक परातीत आपटली. "करतेय म्हण. आपल्या घरात करतेय म्हणतात."

जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांचे पाण्याचे टँकर आहेत. नव्या सोसायट्यांना पाणी पुरवतात आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर थंड पाणीच ओततात. "व्हय, मग? काय बिघडलं त्यात? मराठीच हाय ना," ते म्हणाले. "तुमचं तळेगावचं बोलणं आमच्या आईला चालत न्हवतं, ते इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते. पण माझं बोलणं कुणाच्या पोरीने उचललं नव्हतं, एवढाच फरक होता.

हेवा, मत्सर, असूया असे किती शब्द आहेत आपल्याकडे. पुस्तकात वाचताना ते वेगवेगळे वाटतात. अंगात शिरले की सगळ्यांची जागा एकच, बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला. आणि ज्या माणसाने काहीच वाईट केलेलं नाही त्याचा हेवा तर फार छळतो. भांडायलाही निमित्त मिळत नाही. ऋतुजा मला "ताई" म्हणते, कधी मोठ्याने बोललेली नाही. लातूरहून आलेलं शेंगदाण्याचं अर्धं पोतं आधी माझ्याकडे उतरवते. तिच्या कंपनीतले एक जपानी साहेब मार्चमध्ये घरी जाऊन आले, तेव्हा तिकडच्या थिएटरात तिकिटाबरोबर वाटतात ती कंदीलवालीची छोटी पुस्तिका तिने ओवीसाठी मागून घेतली. ओवीने ती उशाखाली ठेवली. मी त्याच महिन्यात ओवीला नवं दप्तर घेतलं होतं. त्याचा पट्टा दोन दिवसांत कुठेतरी अडकून फाटला.

त्यातच तो एप्रिलमधला मंगळवार आला. ओवीची परीक्षा चालू होती. मी पहिल्या शिफ्टला. आमचे मोबाईल लाइनवर चालत नाहीत, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात. शिफ्ट सुटल्यावर पाहिलं तर ऋतुजाचे चार मिस्ड कॉल. मी फोन लावला. ती म्हणाली, "काही नाही ताई, या तुम्ही निवांत." निवांत या शब्दाने माझं उरलंसुरलं स्वास्थ्य गेलं. गल्लीत शिरताना मान वर गेली आणि दिसलं, ओवीचा शाळेचा स्कर्ट वरच्या मजल्याच्या गॅलरीत वाळत होता. आमच्या दोरीवर नाही, त्यांच्या दोरीवर.

ओवीला पाळी आली होती. पहिली. शाळेतून ती सरळ वर गेली होती, कारण ऋतुजा त्या दिवशी घरून काम करत होती. मी पोचले तेव्हा ती ऋतुजाच्या पलंगावर, ऋतुजाच्या चादरीत, पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपली होती. उशाशी केळ्याची साल. सगळं व्यवस्थित झालेलं. मला करण्यासारखं काही म्हणून शिल्लक नव्हतं.

"घाबरली नाही फारशी," ऋतुजा हळू आवाजात म्हणाली. "सगळं समजावून सांगितलंय तिला. तुम्हाला फोन लावलेला, पण उचलंनात तुम्ही."

"लॉकरमध्ये असतो," मी म्हटलं.

"हो, ते माहीत होतं. तरी लावला."

मी तिचे आभार मानले. मानायलाच हवे होते. खाली येऊन गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाऊन भांड्याखाली काळं होईपर्यंत बघत उभी राहिले. माझ्या आईने मला त्या दिवशी काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. तळेगावच्या आमच्या मोरीत, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ते वाक्य मी बारा वर्षं जपून ठेवलं होतं, माझ्या पोरीला सांगायला. ऋतुजाने तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. लातूरच्या बोलीत सांगितलं असेल. माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं, अजून आहे.

त्यानंतरच्या महिन्यात मी जे केलं ते सांगताना मान खाली जाते, पण सांगते. मी एका आठवड्यापुरती शैलाशी सुट्टी बदलली. शैला माझ्या शेजारच्या टेबलावर काचा तपासते. तिने माझा गुरुवार घेतला, मला तिचा रविवार दिला. घरी जाहीर केलं, "या वर्षी कंदीलवालीला मीपण येणार. तिकिटं मी काढते." ओवी म्हणाली, "तू?" हा एकच शब्द. मग म्हणाली, "ये ना." या दोन उद्गारांच्या मध्ये किती वेळ गेला ते मी मोजलंय. एक काच तपासून होते तेवढा.

जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाईल काढला आणि कँटीनच्या कोपऱ्यात बसून चिंचवडच्या थिएटरचं पान उघडलं. रविवारचे दोन शो. सकाळी अकराचा जपानी, दुपारी दीडचा हिंदी. जपानी शोच्या जवळजवळ सगळ्या खुर्च्या हिरव्या, म्हणजे रिकाम्या. माझं बोट त्या हिरव्या चौकोनांवर फिरलं. तीन चौकोन डोळ्यांसमोर आले. मी, ओवी, ऋतुजा. आणि दोन तास ओवीची मान तिकडे वळलेली, कान तिकडे, हसू तिकडे, माझ्याकडे फक्त वेणीची मागची बाजू. मी परत मागे गेले आणि हिंदीची तिकिटं काढली. हिंदी मलाही कळतं, ओवीलाही कळतं. मध्ये दुभाष्याची गरज काय?

संध्याकाळी सांगितलं, "जपानी शो फुल झाला. हिंदीचीच मिळाली."

चिंचवडमध्ये जपानी कार्टूनचा शो फुल! थाप मारायलाही अंगात कसब लागतं. ओवीचा चेहरा पडला. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. ती मोबाईलवर बघू शकत होती, एका मिनिटाचं काम. तिने पाहिलं नाही, किंवा पाहूनही बोलली नाही. "असू दे की," ती म्हणाली, "हिंदीतही चांगलं करतेत आता." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला ते वाक्य दहा वेळा उलटंसुलटं करून बघावंसं वाटलं, कुठे ओरखडा आहे का म्हणून.

त्या रविवारी ऊन असं होतं की रिक्षाची सीट चटका देत होती. ओवीने दिवाळीचा कागदी कंदील माळ्यावरून काढून त्याला लाल ठिगळ चिकटवलं होतं, कंदीलवालीच्या कंदिलाला असतं तसं. थिएटरच्या दारात रखवालदाराने तो उघडून बघितला. आत बॉम्ब नाही, बॅटरीसुद्धा नाही, याची खात्री केली. ओवी पाणी प्यायला गेली आणि तेवढ्यात समोरचं दार उघडून जपानी शोची माणसं बाहेर आली. कॉलेजची पोरंपोरी, हातात कंदील, एकीच्या पाठीवर चक्क बांबूची टोपली. ती मैत्रिणीला सांगत होती, "अर्धं थिएटर रिकामं होतं गं. मस्त पाय पसरून बघितला." मी ऐकलं. ऋतुजानेही ऐकलं. ऋतुजा झटकन वळली आणि ओवीला आणायला पाण्याच्या दिशेने गेली, पोरीच्या कानावर ते जाऊ नये म्हणून. माझं खोटं तिने पाठीशी घातलं. त्या क्षणी मला तिचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. चूक माझी आणि मोठेपणा तिचा. मोठेपणाही तिनेच घ्यायचा म्हणजे मी काय घ्यायचं?

अंधार झाला. कंदीलवाली डोंगर उतरून आली, पाण्याशी थांबली आणि बोलली. गोड, स्वच्छ, दिल्लीकडच्या बातम्यांतलं असावं असं हिंदी. ओवीने माझा हात धरला होता तो सोडला. वळून हळूच म्हणाली, "ही ती नाहीच."

"तीच आहे की," मी म्हटलं, आणि स्वतःचा 'की' ऐकून गप्प झाले.

माझ्या मनासारखं झालं होतं. ओवीची मान सरळ होती. ऋतुजा पलीकडे मांडीवर हात ठेवून बसली होती, बिनकामाची. कुणी कुणाच्या कानाला लागत नव्हतं. मी जिंकले होते आणि दर दोन मिनिटांनी ओवीच्या चेहऱ्याकडे बघत होते. पडद्याचा उजेड तिच्या गालावर हलायचा, गाल मात्र हलत नव्हता. पाणमांजराला विजेचा झटका बसून त्याचे केस ताठ उभे राहिले तेव्हा सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतलं दोन वर्षांचं पोर हसलं, मी हसले. ओवी दगडासारखी बसलेली. दोन तासांत ती एकदाही हसली नाही.

मला गोष्टीत गोडी नव्हती, पण डोळे काही स्वस्थ बसेनात. चौदा वर्षांची सवय. कंदिलावरचं लाल ठिगळ शिवणीच्या डावीकडे होतं. कंदीलवाली पूल ओलांडून पलीकडे गेली आणि ठिगळ उजवीकडे गेलेलं. मला इतका आनंद झाला! इतक्या जपान्यांच्या हातून सुटलेली चूक मी पकडली होती. मी ओवीच्या कानाला लागले. वर्षभर मला हवी होती तीच जागा ती. आणि म्हटलं, "ठिगळ बघ. मघाशी डावीकडे होतं, आता उजवीकडे आहे. रिजेक्ट!"

ओवीने पडद्यावरून नजर काढली नाही. "तुला सगळ्यात चूकच दिसते, आई," ती म्हणाली.

पलीकडून ऋतुजा वाकली. "ताई, खरंच की! तुमचं लक्ष किती. मी तर कधी बघितलंच नसतं." ती मनापासून म्हणाली होती. मला ते तिच्या तोंडावर परत फेकावंसं वाटलं.

आमच्या टेबलावर एक काच कायम ठेवलेली असते. तिच्यावर बारीकसा ओरखडा आहे. कंपनीने ठरवून दिलेलं, की एवढा ओरखडा चालेल, याच्यापेक्षा मोठा नाही. तिला लिमिट सँपल म्हणतात. शंका आली की हातातली काच तिच्याशेजारी धरायची आणि ठरवायचं. त्या रविवारनंतर कितीतरी दिवस मी त्या काचेकडे बघत बसायचे. जावेचा किती हेवा केलेला चालतो, याची अशी एखादी काच कुणी टेबलावर ठेवली असती तर बरं झालं असतं. माझा हेवा तिच्याशेजारी धरला असता. लाल ट्रेमध्ये गेला असता याबद्दल मला शंका नाही, पण निदान किती बाहेर आहे ते तरी कळलं असतं.

त्या दिवाळीनंतर ऋतुजाच्या कंपनीने तळेगावला नवं युनिट टाकलं आणि दीर-जाऊ तिकडे फ्लॅट घेऊन राहायला गेले. तळेगाव माझं माहेर. म्हणजे तेही तिनेच घेतलं! निघताना ऋतुजा ओवीला जवळ घेऊन रडली. ओवी रडली. मी टेम्पोवर गाद्या नीट बांधल्यात का ते बघत होते. वरच्या मजल्यावर आता भाडेकरू आहेत, त्यांची चपलांची जोडी मी मोजत नाही. वाटलं होतं, आता रविवार-गुरुवार सगळे आपले. पण ओवीला तेरावं लागलं आणि तिने स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. गेल्या मे महिन्यात कंदीलवाली आली तेव्हा मी विचारलं तर म्हणाली, "क्लास आहे." तिचा त्यातला रस गेल्याचं मला कळलं, आणि त्याचाही दोष मी मनातल्या मनात तळेगावला पाठवून दिला. तिचं 'करायलेय' गेलं. 'की' तेवढा राहिला आहे. तो ऐकला की अजूनही बरगडीखाली हलतं.

परवाच्या त्या होर्डिंगनंतर आलेला गुरुवार. ओवीला दिघीला गणिताच्या क्लासला सोडायला निघाले. ती स्कूटरवर मागे, तिचं दप्तर आमच्या दोघींच्या मध्ये. दिघीच्या अलीकडे लष्कराच्या हद्दीची भिंत लागते. भिंतीपलीकडे झाडी, तिथे हवा एकदम गार होते. मी म्हटलं, "कंदीलवाली लागतेय उद्या."

"माहितीये. मी, सानिका, मृण्मयी जाणारोत. रविवारी."

आता सानिका आणि मृण्मयीचीही भर पडली. मी ओठ आवळले. पुढे सिग्नल लाल झाला आणि आम्ही एका सिमेंटच्या मिक्सरमागे थांबलो. मिक्सरचा ढोल फिरत होता. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, ही स्कूटरची मोठी सोय आहे. मी समोर बघतच म्हटलं, "ओवी, त्या वर्षी जपानी शो फुल नव्हता."

मला वाटलं, हेल्मेटमुळे ऐकू गेलं नाही.

"माहितीये," ती म्हणाली.

"काकूने सांगितलं?"

"काकू कशाला सांगेल? मी त्या दिवशी सकाळीच पप्पांच्या मोबाईलवर बघितलेलं. सगळ्या सीटा हिरव्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू काय करतेस ते बघत होते." ती पुढे झुकली. तिची हनुवटी माझ्या खांद्याला लागली. "आणि आई, पिक्चर भारी होता. खरंच. त्या पाणमांजराला करंट बसतो ना, तिथे मला इतकं हसू आलेलं! पोटात दुखलं. गाल आतून चावून धरला. रक्त आलेलं."

"अगं, मग हसायचं ना!"

"का म्हणून? मी हसले असते तर तू जिंकली असतीस."

सिग्नल हिरवा झाला. मिक्सर पुढे गेला, मागचे हॉर्न वाजायला लागले आणि मला गाडी सुरू करायचं भानच राहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती बारा वर्षांची पोर होती, अंधारात, आवडत्या सिनेमासमोर, गाल चावत बसलेली. दोन तास! समोरच्याला आनंद मिळू नये म्हणून स्वतःचा आनंद दातांखाली धरून. चार वर्षं मी तिच्यात काकूचं काय काय उतरलंय ते शोधत होते. बोलणं काकूचं, हसणं काकूचं, जपान्यांचं वेड काकूचं, पहिल्या दिवसाचे शब्दसुद्धा काकूचे. पण हा खुनशीपणा? ऋतुजाच्या सात पिढ्यांत कुणाला असा जमला नसता. यात कुणाचाही वाटा नाही, ही सगळी माझी आहे.

"आई, चल ना. मागचे ओरडतायत," ओवी म्हणाली.

मला इतका आनंद झाला होता की सांगायची लाज वाटते.